धुके, साईक्स आणि मी

परवा पुतण्याचा मुलगा घरी आला होता. शनिवारी रात्री पंधरा जणांच्या टोळक्याबरोबर हरिश्चंद्रगडावर निघाला आहे. मोबाईलवर त्याने मला सगळी वाट दाखवली. खिरेश्वर, टोलार खिंड, मग ती निळी रेघ टेकड्यांवरून वळणे घेत देवळापर्यंत. "आजोबा, इंद्रवज्र बघायचंय. दिसेल ना?" आणि लगेच, "तुम्ही तर एकटेच गेला होतात ना? धुक्यात हरवला होतात आणि वाऱ्यावरून वाट शोधून काढलीत!"

ही गोष्ट आमच्या घराण्यात बरीच वर्षे फिरते आहे. लग्नाकार्यात, मुंजीत, जेवणे झाल्यावर पान जमले की कुणीतरी ती काढतेच. तिला तिखटमीठ मीच लावलेले आहे. पोरगा इतक्या कौतुकाने बघत होता की मला बरे वाटेना. सत्तरी उलटून गेली, आता ती गोष्ट एकदा सरळ सांगून टाकावी म्हणून बसलो आहे. पण सुरुवात माझ्यापासून नाही, कर्नल साईक्सपासून करावी लागेल. मी गडावर गेलो तो त्याच्यामुळे.

विल्यम हेन्री साईक्स हा १७९० साली जन्मलेला इंग्रज. चौदाव्या वर्षाच्या आसपास कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिरला. खडकीच्या लढाईत तो पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला होता, म्हणजे तसा आपला शत्रूच. पण १८१८ नंतर लढायचे काम संपले आणि १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करायला नेमले. गावे किती, माणसे किती, पिके कोणती, जमिनीचा वसूल किती, हे मोजायचे काम. या माणसाने ते केलेच, शिवाय दिसेल ते सगळे मोजायला लागला. दोनशेहून जास्त पक्ष्यांची यादी केली. एका चंडोलाला आजही त्याचे नाव आहे. आपल्या रानातल्या कोळसुनाचे, म्हणजे रानकुत्र्याचे, शास्त्रीय वर्णन त्याने लिहिले. बॅरोमीटरचा पारा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास सर्वांत वर, पहाटे आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली, हे त्याने दख्खनच्या पठारावर घड्याळ लावून तपासले. समुद्राला भरती-ओहोटी तशी हवेलाही असते, असा तो विषय.

डोंगरांच्या उंच्या तो कशा मोजायचा हे मला फार आवडते. पाणी उकळून! जितके उंच जावे तितका हवेचा दाब कमी, आणि पाणी तितक्या कमी तपमानाला उकळते. ढोबळ हिशेबाने दर तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअस. साधा थर्मामीटर, साधे पत्र्याचे भांडे, खाली विस्तव, झाली उंची. हरिश्चंद्रगड सुमारे १,४२४ मीटर. तिथे पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळणार. मी हे वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "सर, मग गडावर भात शिजतो का?" शिजतो. वेळ लागतो.

तर या साईक्सने १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दख्खनच्या हवामानावर एक लांबलचक प्रबंध छापला. त्यात पाऊस, वारे, दव, गारा असे सगळे आहे आणि मध्येच हरिश्चंद्रगड येतो. कड्याच्या कडेला तो उभा आहे. कोकणातून वर आलेले धुके कड्याच्या माथ्यापेक्षा जरा वर चढले आहे, पण पठारावर सांडत नाही, समोर भिंतीसारखे उभे आहे. सूर्य पाठीमागे, अगदी खाली, आकाश स्वच्छ. आणि समोरच्या धुक्यात संपूर्ण गोल इंद्रधनुष्य! अर्धे तो उभा होता त्या पातळीच्या वर, अर्धे खाली. मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली. त्या माणसांना ते खरेच वाटेना. आपलीच सावली आहे का हे बघायला ती हात वर करून, पाय उडवून, अंग वाकवून बघायला लागली, आणि धुक्यातल्या आकृत्याही तसेच करायला लागल्या.

यालाच आता सगळे इंद्रवज्र म्हणतात. साईक्सने त्याला वर्तुळाकार इंद्रधनुष्य म्हटले, पण ते खरे इंद्रधनुष्य नसावे असे मला वाटते. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत होते आणि त्याची त्रिज्या सुमारे ४२ अंश असते, म्हणजे खूप मोठे. धुक्याचे थेंब अतिशय बारीक, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. त्यांच्यात तसे धनुष्य पडलेच तर जवळजवळ पांढरे दिसते. साईक्स रंग फार ठळक होते म्हणतो आणि वर्तुळाच्या मधोमध सावल्या चित्र चौकटीत बसवावे तशा बसल्या होत्या म्हणतो. म्हणजे हे ते दुसरे, लहान वर्तुळ. त्यात उजेड थेंबात शिरून आल्या दिशेला परत फिरतो. हे नेमके कसे घडते याचे गणित मोठमोठ्या लोकांना विसाव्या शतकात पार घाम फोडत होते. ब्राझीलच्या नुसेन्झ्वेग नावाच्या शास्त्रज्ञाने त्यावर कितीतरी वर्षे घालवली.

जगात इतरत्रही हे दिसते. जर्मनीत ब्रॉकेन डोंगरावरची धुक्यातली राक्षसी सावली प्रसिद्ध आहे. चीनमध्ये एमेई पर्वतावर त्याला बुद्धाचा प्रकाश म्हणतात. पृथ्वीचा आकार मोजायला १७३५ साली निघालेली फ्रेंच मंडळी आजच्या इक्वेडोरमधल्या डोंगरावर होती, तिथे बूगेर आणि त्याच्या सोबत्यांनी ते पाहिले आणि एक गंमत टिपली. सगळे शेजारी शेजारी उभे होते, सगळ्यांना सगळ्यांच्या सावल्या दिसत होत्या, पण प्रत्येकाला तेजोवलय दिसले ते फक्त स्वतःच्या डोक्याभोवती. शेजाऱ्याचे डोके बोडकेच. याला अर्थातच भूमितीचे कारण आहे, पण आमच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगितले तेव्हा जो हशा पिकला तो काही भूमितीमुळे नव्हता.

साईक्सचा मूळ प्रबंध मी बऱ्याच उशिरा, निवृत्त झाल्यावर वाचला. भाच्याने इंटरनेटवरून उतरवून कागदावर छापून दिला. माझे शिक्षण सगळे मराठीतून, इंग्रजी बेताचे, शब्दकोश उशाशी घेऊन तीन आठवडे लागले. १९८६ साली मात्र माझ्याजवळ एका दिवाळी अंकातली अर्ध्या पानाची हकीकत होती. ती वाचून डोक्यात किडा शिरला. मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास-भूगोल शिकवत होतो. गड दारात, आणि मी तो पाहिलेला नाही!

सप्टेंबर संपत आला होता. शाळेतल्या एका सहकाऱ्याला विचारले, तो म्हणाला या दिवसांत नको, वर काही दिसणार नाही. घरी मी असे सांगितले की आम्ही दोघे जातो आहोत, तो आणि मी. एकटा जातो म्हटले असते तर हिने जाऊच दिले नसते. मुले लहान होती.

रविवारी पहाटे कल्याणकडे जाणारी एस.टी. पकडून खुबी फाट्याला उतरलो. खिरेश्वरचे नागेश्वराचे देऊळ पाहिले. टोलार खिंडीत वाघाचे शिल्प आहे, तिथे बसून दशमी खाल्ली. तोवर सगळे छान. मागे माळशेजचे डोंगर हिरवेगार, ऊन पडलेले. खिंडीच्या वर कातळाचा टप्पा चढून गेलो आणि धुके आले. आले म्हणजे काय, मीच त्यात शिरलो. आधी लांबची टेकडी गेली, मग जवळची, मग पुढच्या झाडाचे खोड राहिले आणि शेंडा गेला. पायाखालची वाट तेवढी दिसत होती. तिथून देवळापर्यंत लहान-मोठ्या टेकड्या चढत-उतरत जावे लागते. सगळ्या सारख्या, सगळीकडे कारवी. कसा पोचलो कोण जाणे, पण बाराच्या सुमारास देवळाचे शिखर एकदम अंगावर आल्यासारखे समोर उभे राहिले.

देवळाबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. पुष्करणी, केदारेश्वराच्या लेण्यातले ते कमरेएवढे बर्फासारखे पाणी आणि चारांतला एकच उरलेला खांब. चांगदेवांनी इथे राहून शके १२३४ मध्ये, म्हणजे इसवी सन १३१२ मध्ये, 'तत्त्वसार' लिहिला. त्या दिवशी मी यातले काहीच धड पाहिले नाही. मला कोकणकडा गाठायचा होता. आजच्यासारखी तेव्हा गडावर गर्दी नसे. देवळात चिटपाखरू नव्हते. ओढ्याच्या कडेने पश्चिमेला निघालो.

कडा आला हे डोळ्यांना कळले नाही, गालांना कळले. वारा समोरून नाही, खालून वर आला. गार, ओला. थेंबसुद्धा वरच्या दिशेने उडत होते. मी मटकन खाली बसलो आणि सरपटत पुढे जाऊन कातळाच्या कडेवरून मान काढली. खाली पांढरे. समोर पांढरे. कड्याला म्हणे नागाच्या फण्यासारखा बाक आहे, मला माझ्या कोपराच्या पुढे काही दिसत नव्हते. तासभर तिथेच पडून राहिलो. वर जरा उजळले की वाटायचे, आता धुके खाली बसेल, आता रंग दिसतील.

वाचकहो, इथे या मास्तराच्या अकलेची कमाल बघा. इंद्रवज्र दिसायला सूर्य पाठीशी आणि खाली हवा. कोकणकड्याचे तोंड पश्चिमेला. म्हणजे सूर्य पूर्वेला, क्षितिजाजवळ, म्हणजे सकाळ! मी दुपारी एक वाजता तिथे पोचलो होतो. धुके नसते आणि लख्ख ऊन असते तरी माझी सावली माझ्या पायांखाली पडली असती. सावलीची लांबी आणि सूर्याचा उन्नतांश हा धडा मी दरवर्षी मैदानात काठी रोवून शिकवत होतो. हे माझ्या लक्षात आले ते पुढे दोन दिवसांनी, शाळेत, हातात खडू असताना.

दीड वाजता निघालो. एका दगडावर बसून मोसंबे खाल्ले होते, त्याची साल तिथेच टाकून उठलो. कड्याकडे पाठ केली, सरळ चालत राहिलो. वीस-पंचवीस मिनिटे झाली, देऊळ येईना, ओढाही येईना. आणखी चाललो. पुढे एक दगड दिसला आणि दगडावर मोसंब्याची साल.

लहानपणी आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. रानात माणसाला चकवा लागतो, तो रात्रभर एकाच झाडाभोवती फिरत राहतो आणि त्याला वाटते आपण गावाकडे चाललो आहोत. तिचा उपाय असा की चपला उलट घालायच्या, किंवा जागेवर बसून राहायचे, उजाडेपर्यंत हलायचे नाही. शिकून सवरून आम्ही याला अंधश्रद्धा म्हणत होतो. पुढे २००९ साली जर्मनीत ट्यूबिंगेनच्या शास्त्रज्ञांनी माणसे जंगलात आणि सहारा वाळवंटात नेऊन सोडली आणि सरळ चालायला सांगितले. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आल्यावर वर्तुळात फिरायला लागली, आणि त्यांना स्वतःला आपण सरळच चाललो आहोत अशी खात्री होती. डोळे बांधून चालवले तर काहींची वर्तुळे वीस मीटरएवढी लहान निघाली. आजीचे निदान बरोबर होते, फक्त भुताचे नाव चुकले होते. बसून राहा, हा उपायही बरोबरच.

मी बसलो नाही. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस चालतो. आणखी एकदा "सरळ" निघालो, चांगला तावातावाने, आणि गालाला तोच खालून येणारा ओला वारा लागला. दुसऱ्याच कुठल्यातरी जागी मी पुन्हा कड्यावर आलो होतो. पुढे दोन पावले गवत होते आणि मग काही नव्हते. तेव्हा बसलो. पाय थरथरत होते. घरातले सगळे चेहरे डोळ्यांपुढे आले वगैरे म्हणतात, मला तसे काही झाले नाही. मला आठवते ते एवढेच की सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले आहेत, ते आता कोण तपासेल, असा विचार आला.

इथे थोडे थांबून स्कॉटलंडला जाऊ. हे मला नंतर वाचनात सापडले आणि तेव्हापासून तो माणूस माझा दूरचा नातेवाईक असल्यासारखा वाटतो.

बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, १,३४५ मीटर. म्हणजे आपला हरिश्चंद्रगड त्याच्यापेक्षा उंच! पण तो इतका उत्तरेला की माथ्यावर वर्षाचे सरासरी तपमान गोठणबिंदूच्या आसपास, आणि ढग तर मुक्कामालाच. तिथे वेधशाळा बांधावी असे स्कॉटिश हवामान संस्थेच्या मनात होते, पैसे नव्हते. तेव्हा क्लेमंट रॅग नावाचा एक तिशीच्या आतला गृहस्थ पुढे आला. म्हणाला, मी रोज चढून जातो आणि नोंदी घेतो. १८८१ सालच्या १ जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो जवळजवळ रोज बेन नेव्हिस चढला. पहाटे पाचच्या आत घर सोडायचे, वाटेत ठरलेल्या जागी थांबून पारा बघायचा, नऊच्या सुमारास माथा, नोंदी, आणि परत. बरोबर रेन्झो नावाचा कुत्रा. नीट बांधलेली वाटसुद्धा नव्हती, घोडेवाट झाली ती १८८३ साली. त्याचे नाव आणि हवा यांवरून लोकांनी त्याला चिडवायचे नावही पाडले होते.

खाली फोर्ट विल्यमला त्याची बायको लिओनोरा त्याच वेळांना समुद्रपातळीच्या नोंदी घेत होती. वरचा पारा आणि खालचा पारा एकाच वेळचा असेल तरच तुलनेला अर्थ. म्हणजे निम्मे काम तिचे. संस्थेने सुवर्णपदक दिले ते त्याला.

१७ ऑक्टोबर १८८३ रोजी वेधशाळा उघडली. रॅगने प्रमुखपदासाठी अर्ज केला होता, नेमले दुसऱ्याला. तो पुढे ऑस्ट्रेलियात जाऊन हवामानखात्याचा अधिकारी झाला आणि वादळांना माणसांची नावे द्यायला लागला, त्यात न आवडणाऱ्या पुढाऱ्यांचीही! वेधशाळेतली माणसे मात्र एकवीस वर्षे, बर्फात पुरलेल्या घरात राहून, रात्रंदिवस दर तासाला नोंद करत राहिली. १९०४ साली पैसे संपले आणि ती बंद पडली. त्या माथ्यावरून धुक्यात उतरताना आजही माणसे दरीत जातात. म्हणून नकाशावर लिहूनच ठेवले आहे: माथ्यावरच्या खांबापासून २३१ अंशांवर दीडशे मीटर चालायचे, मग २८२ अंशांवर वळायचे. डोळ्यांवर नाही, होकायंत्रावर विश्वास. माझ्याजवळ १९८६ साली होकायंत्र नव्हते. शाळेच्या कपाटात तीन होती.

याच वेधशाळेत सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण दोन आठवडे राहायला आला. सकाळी ढगावर पडलेली डोंगराची सावली आणि तिच्याभोवतीची रंगीत वलये त्याने पाहिली. साईक्सने हरिश्चंद्रगडावर पाहिली तीच जात. साईक्सने ती लिहून ठेवली आणि पुढच्या कामाला लागला. विल्सनला वाटले, हे खोलीत करून बघावे. पुढच्याच वर्षी केंब्रिजला त्याने काचेच्या भांड्यात ओलसर हवा भरून ती एकदम प्रसरण पावू दिली. हवा थंड झाली, भांड्यात ढग झाला. रंग राहिले बाजूला, त्याला दिसले की धूळ काढून टाकलेल्या हवेतही ढग होतो, विद्युतभारित कणांवर थेंब धरतात. १९११ पर्यंत त्याने ते यंत्र असे केले की एकटा कण भांड्यातून गेला की मागे थेंबांची रेघ उमटावी. डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या कणाची पाऊलवाट! १९२७ साली नोबेल मिळाले. १९३२ साली अँडरसनला पॉझिट्रॉन सापडला तो अशाच मेघपेटीत.

मला वाईट एवढेच वाटते की आपल्या कड्यावर हे पाहणाऱ्या कुणालाही, त्या दिवशी हातपाय उडवून प्रयोग करणाऱ्यांपैकी कुणालाही, कुणी केंब्रिजला बोलावणार नव्हते. प्रयोग तर त्यांनीच केला होता! साईक्स बघत उभा होता. "ही सावली माझीच असेल तर मी हात हलवला की ती हलेल", हे विज्ञान नाही तर काय? साईक्सने बॅरोमीटरच्या नोंदी दशांशापर्यंत दिल्या आहेत. त्या माणसांचे एकाचेही नाव दिलेले नाही. हे मी कितीदा तरी भाषणात, गप्पांत, चिडून बोललो आहे.

आता कड्यावर परत.

बसलो होतो तिथे किती वेळ गेला सांगता येत नाही. मग घंटा ऐकू आली. देवळातली नव्हे, गुराच्या गळ्यातली. मी ओरडलो. उत्तर आले नाही, पण घंटा जवळ आली आणि धुक्यातून आधी गाईचे तोंड निघाले, मग पोत्याची खोळ पांघरलेला बारा-तेरा वर्षांचा मुलगा.

"तिकडं कुठं, सायेब? तिकडं कडा हाय."

मी म्हटले, देवळाकडे जायचे आहे. त्याने माझ्याकडे असे बघितले की शाळेत मी तसे उत्तर न येणाऱ्या मुलाकडे बघतो. "देऊळ मागं ऱ्हायलं." मग गाईच्या पाठीवर थाप मारून तो निघाला, मी मागून. तो पायांकडे बघतही नव्हता. देवळापर्यंत आणलेच, आणि मी टोलार खिंडीची वाट विचारली तेव्हा काही न बोलता पुढे चालायला लागला, टेकड्या ओलांडून कातळ उतरायच्या जागेपर्यंत. गुरे मागे सोडून. मी दोन रुपये पुढे केले, घेतले नाहीत. खिशातले शाईपेन दिले, ते घेतले, उघडून टोक बघितले. मी विचारले, "कितवीत आहेस?" म्हणाला, "न्हाई जात." मी म्हटले, "जायला पाहिजे." शिक्षक ना मी! त्याने मान हलवली आणि धुक्यात शिरला.

नाव विचारले नाही. शाळा विचारली, उपदेश केला, नाव विचारले नाही.

आणि घराण्यात सांगितलेल्या गोष्टीत तो मुलगा नाहीच. पहिल्यांदा सांगताना मी म्हटले, "वाऱ्याच्या अंदाजाने आलो." लोक "वा!" म्हणाले. दुसऱ्या वेळी वाऱ्याची दिशा ठरली, तिसऱ्या वेळी मी तर्क लढवून कडा टाळला. मग मागे फिरता येईना.

शेवटची एस.टी. चुकली. भाजीच्या ट्रकमधून, मग पायी, असा रात्री साडेदहाला घरी पोचलो. ही दारातच बसली होती. पाणी दिले, पान वाढले. मी जेवत असताना तिने विचारले, "ते पण पोचले ना नीट घरी?" मी म्हटले, "हो, त्यांना कोपऱ्यावर सोडूनच आलो." ती "बरं" म्हणाली आणि ताक वाढले.

२०१८ साली ती गेली. दहाव्याला तो सहकारी आला होता. तोही थकलेला. बोलता बोलता म्हणाला, "वहिनींच्या हातचा चहा आठवतो हो. तुम्ही गडावर गेला होतात ना, त्या रविवारी संध्याकाळी मी तुमची गॅझेटियरची प्रत परत करायला आलो होतो. मला बघून एकदम गप्प झाल्या. मग चहा दिला, म्हणाल्या, मी येऊन गेलो हे यांना सांगू नका."

म्हणजे संध्याकाळपासून साडेदहापर्यंत दारात बसलेल्या बाईला मी एकटा वर आहे हे ठाऊक होते. आणि पुढची बत्तीस वर्षे, मी चारचौघांत ती गोष्ट सांगायचो तेव्हा, ती शेजारी बसून ऐकायची.

पोराला मी सांगितले आहे की देवळात मुक्काम करून उजाडताच कड्यावर जा, सूर्य पाठीशी ठेव, दुपारी काही दिसायचे नाही. होकायंत्र दिले, मोबाईल असला तरी घे म्हटले. आणि उतरताना पाचनईच्या बाजूने उतर. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना विचार, १९८६ साली गडावर गुरे कोण राखायचे, धुक्यात हरवलेल्या एका मास्तराने कुणाला शाईपेन दिले होते का. नाव लिहून आण.

"आणि सापडला तर काय सांगू?" त्याने विचारले. मी म्हटले, आधी सापडू तर दे. तो रविवारी रात्री परत येईल.